मधली सीट

क्षितिजच्या गाडीत मागे दोन कारसीट होत्या. एकीत तीन वर्षांची मधू, दुसरीत चार महिन्यांचा वरुण. त्या दोहोंच्या मधे जी वीतभर जागा उरते ती कोणासाठी ठेवलेली असते, हे गाडी बनवणाऱ्याला ठाऊक नसेल, पण सुरेखाबाईंना होतं. ती त्यांची जागा. तिथे बसायचं म्हणजे आधी एक पाय आत घालायचा, मग कंबर वळवायची, मग मधूच्या बुटाचा प्रसाद खात टेकायचं आणि पट्ट्याचा खटका स्वतःच्याच अंगाखाली शोधत बसायचं. पुढची सीट मंदाताईंची. मंदाताई म्हणजे सून ईशाची आई, सुरेखाबाईंची विहीण. वरुणच्या वेळी बाळंतपणाला ठाण्याहून आलेल्या. पाहुण्या. पाहुण्यांना कोणी मागे कोंबत नाही.

त्या रविवारी सकाळी न्यू लिनच्या घरून निघून गाडी ऑकलंडच्या धक्क्याजवळ थांबली तेव्हा सुरेखाबाईंचा डावा पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता.

“आई, मस्त एन्जॉय करा दोघी,” क्षितिज काच खाली करून म्हणाला. “फुल डे आहे. रसेल म्हणजे इथलं एकदम जुनं टाउन. गाइड सगळं सांगतो. तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाही.”

रविवारी घरात दोन आज्या नसल्या की ईशाला दुपारी गाढ झोपता येतं, हे तो बोलला नाही. सुरेखाबाईंनी चिंचवडच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला होता. एवढं त्यांना न सांगता कळत होतं. त्यांना राग आला नाही. उलट आजचा दिवस त्यांना स्वतःलाच हवा होता.

कारण त्यांना घरी जायचं होतं. चिंचवडला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, जिथल्या गॅसचं बटण त्यांनी लावल्याशिवाय लागत नाही आणि त्यांनी बंद केल्याशिवाय बंद होत नाही. मधूच्या जन्माला म्हणून त्या आल्या, सहा महिन्यांसाठी. मग ईशाचा जॉब सुरू झाला. मग क्षितिजने त्यांचे रेसिडेन्सचे कागद केले आणि केक आणून कापला. केक कापताना सुरेखाबाईंनीही टाळ्या वाजवल्या होत्या, त्याची त्यांना आता चीड येत होती. तीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात जेवताना तो सहज म्हणाला, “नाताळच्या सुट्टीत तो फ्लॅट काढून टाकू. गिऱ्हाईक आलंय. उगाच बंद पडून राहिलाय.” त्यांनी विचारलं, “मग मी गेले तर उतरू कुठे?” तर पोरगा हसला. “आई, तिकडे आहे कोण आता तुझं?”

भाजी वाढायला त्या उठून गेल्या.

त्या रात्रीपासून एकच हिशेब डोक्यात फिरत होता. मुलांना सांभाळायला कोणीतरी लागणार. मंदाताई दहा-बारा दिवसांत परत चालल्या होत्या. त्या राहिल्या तर सुरेखाबाई सुटल्या. फ्लॅटही वाचला. मुलाशी भांडण नाही, रडारड नाही. फक्त मंदाताईंना विचारायचं. पण घरात दोघी एकट्या कधी सापडतच नसत. एकीच्या हातात बाळ, दुसरीच्या हातात बाळाचे कपडे. आज अख्खा दिवस होता.

बसचा ड्रायव्हर तोच गाइड. डग नावाचा हाफपँटीतला गडी. “किया ओरा” म्हणून त्याने स्वागत केलं आणि एकेका सीटच्या पाठीवर टपली मारत डोकी मोजत गेला. सुरेखाबाईंच्या डोक्यावरूनही त्याचं बोट फिरलं. शाळेच्या सहलींत हे काम त्यांचं असे. सज्जनगड, रायगड, कार्ले. बसच्या दाराशी उभं राहून पोरं मोजायची आणि एक कमी भरलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मोजून घ्यायची पाळी आज पहिल्यांदा आली. बरं वाटलं नाही.

“खिडकी तुम्हाला,” मंदाताई म्हणाल्या.

“अहो, तुम्ही बसा. तुम्ही पाहिलं नाहीये काही.”

“छे छे. तुम्ही बसा.”

सुरेखाबाई खिडकीशी बसल्या, मंदाताई कडेला. आणि त्यांच्या लक्षात आलं की आता बाथरूमला जायचं तरी विहिणीला उठवावं लागणार.

मंदाताईंचं वागणं हा एक स्वतंत्र छळ होता. वाईट वागतील तर शपथ. मुलीच्या आईने मुलाच्या आईशी जसं वागायचं तसं त्या वागत, आणि तेही अगदी मनापासून. सुरेखाबाईंनी पहिला घास घेतल्याशिवाय त्या घास घेत नसत. त्यांची पिशवी काढून स्वतःच्या मांडीवर ठेवत. सुरेखाबाईंच्या घशात खवखव झाली की मंदाताईंच्या पर्समधून ज्येष्ठमध निघे. आज डब्यात मेथीचे ठेपले होते, कारण कधीतरी जुलैमध्ये सुरेखाबाई म्हणाल्या होत्या की मला आवडतात. असल्या माणसाशी बोलायला तोंड उघडावं, तर ते समोरून आधीच ‘हो’ म्हणत उभं.

पोरांच्या लग्नात सुरेखाबाईंनी मंदाताईंना सांगितलं होतं, “आम्हाला नारळ आणि मुलगी. बाकी काही म्हणजे काही नको.” साड्यासुद्धा परत पाठवल्या होत्या. मुलाकडचे असून आम्ही काही मागितलं नाही, ही त्यांची चारचौघांत सांगायची गोष्ट होती आणि त्यांनी ती भरपूर सांगितलीही होती.

बस हिरव्या टेकड्यांतून वर-खाली करत निघाली. डग माइकवरून थांबेचना. मेंढ्यांबद्दल बोलला, कौरीच्या झाडांबद्दल बोलला, स्वतःच्या बायकोच्या गुडघ्याबद्दल बोलला. सुरेखाबाईंनी दोनदा सुरुवात केली, “मंदाताई, मी काय म्हणते,” आणि दोन्ही वेळा माइक खरखरला. कावाकावा नावाच्या गावी बस थांबली तर सगळे उतरून सार्वजनिक संडासाचे फोटो काढायला लागले. कोणा मोठ्या चित्रकाराने बांधलेला म्हणे. रंगीत फरशा, बाटल्यांच्या भिंती. मंदाताईंनी सुरेखाबाईंना दारात उभं करून चार फोटो काढले आणि लगेच ईशाला पाठवले. संडासाच्या दारात नातवंडांचा विषय काढणं काही सुरेखाबाईंना जमलं नाही.

पुढे पाइहियाला बस सोडून बोटीत बसायचं होतं. पलीकडे रसेल. “हीप्स ऑफ टाइम,” म्हणजे भरपूर वेळ आहे, असं डग म्हणाला, पण परतीची बोट चुकली तर बस थांबणार नाही हेही त्याने तीनदा बजावलं. त्याच्यामागून सगळे रांगेने निघाले.

गाव म्हणजे समुद्राकाठी पांढऱ्या लाकडी घरांची एक ओळ. कधीकाळी इथे देवमासे मारणारे खलाशी उतरायचे, दारू प्यायचे आणि एकमेकांची डोकी फोडायचे. आता तिथे फुलांच्या कुंड्या होत्या. डगने देशातलं सगळ्यात जुनं चर्च दाखवलं, त्याच्या लाकडी भिंतीत बंदुकीच्या गोळ्यांची भोकं अजून तशीच. मग टेकडीकडे बोट केलं. इंग्रजांनी तिथे झेंड्याचा खांब उभारला, तो एका माओरी सरदाराने तोडला. पुन्हा उभारला, पुन्हा तोडला. असं चार वेळा. लोक हसले. सुरेखाबाईंना हसू आलं नाही. एखादा माणूस चार-चार वेळा सांगतो की हे मला नकोय, आणि आपल्याच्याने एकदाही सांगवत नाही, असं त्यांना वाटलं.

शेवटी डगने सगळ्यांना मोकळं सोडलं. दोघी किनाऱ्यावरच्या बाकावर बसल्या. डबा उघडला. सुरेखाबाईंनी पहिला घास घेतला, मग मंदाताईंनी. जेवून मंदाताई उठल्या, चपला हातात घेतल्या, सलवार वर खोचली आणि पाण्यात गुडघ्यापर्यंत गेल्या. तिथेच उभ्या राहिल्या. काठाने जाणाऱ्या डगला त्यांनी खोल पाण्याकडे बोट करून विचारलं, “वॉटर व्हेरी कोल्ड?”

“बिट फ्रेश. टॉग्ज आणलेत का?” म्हणजे पोहायचे कपडे. मंदाताईंनी हसून मान हलवली. मग पुन्हा समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हौशी आहे बाई, सुरेखाबाईंच्या मनात आलं. ठाण्यालाही रोज पहाटे कसल्याशा व्यायामाला जातात म्हणे. याहून जास्त त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्या परत येऊन बसल्या. पाय वाळवत होत्या. आता नाही तर कधीच नाही.

“मंदाताई, एक मागू का?”

“मागताय काय सुरेखाताई? सांगा.”

“तुम्ही राहता का अजून? व्हिसा वाढवून मिळतो. ईशाला जानेवारीत कामावर जायचंय. शेवटी मुलीला आईच हवी असते. माझ्या हातचं तिला चालतं, पण तुमची गोष्ट वेगळी. मी जरा जाऊन येईन तिकडे.” ‘जाऊन येईन’ म्हणताना त्यांनी समुद्राकडे पाहिलं.

मंदाताई थोडा वेळ पायाची वाळू झटकत राहिल्या. वाळू संपली तरी झटकत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही म्हणाल तसं.”

“नाही म्हणजे, तुम्हाला काही अडचण असेल तर...”

“मला कसली अडचण? हे आहेतच घरी. ईशाला आत्ताच कळवते.” आणि त्यांनी खरंच फोन काढला.

सुरेखाबाईंचा जीव भांड्यात पडला. इतकं सोपं होतं तर तीन वर्षं कशाला कुढलो आपण? पुढचा तासभर त्या हवेत होत्या. त्यांनी दोघींसाठी आइस्क्रीम घेतलं. मंदाताईंचा हात धरून छापखान्याच्या जुन्या मातीच्या इमारतीत शिरल्या, तिथे पुस्तकांच्या बांधणीसाठी कातडी कमावायच्या हौदांबद्दल स्वतःच इंग्रजीतून दोन प्रश्न विचारले. बोटीत वारा तोंडावर घेत उभ्या राहिल्या. चिंचवडच्या किल्ल्या इथल्या कपाटात साडीखाली ठेवल्या होत्या, त्यांचा आकार बोटांना आठवायला लागला. आधी नळ सोडून गढूळ पाणी जाऊ द्यायचं. मग खिडक्या. मग शेजारच्या विनयाला हाक. रायगडला चला म्हणावं, रोपवेने जाऊ.

मंदाताई सगळ्याला हो म्हणत होत्या. आइस्क्रीम त्यांनी निम्मं टाकलं.

परतीच्या बसमध्ये डगसुद्धा दमला. माइक बंद झाला. सुरेखाबाईंनी खिडकीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. झोप लागतच होती, तेवढ्यात शेजारी मंदाताई दबक्या आवाजात बोलायला लागल्या.

“अहो, ऐकू येतंय का? हो, बसमध्येच आहे. त्या झोपल्यात.”

ठाण्याला सकाळ असणार. मंदाताईंचे यजमान गुरुदत्त चहा घेत असतील.

“नाही, मार्चपर्यंत तरी. ईशाने नाही सांगितलं. विहीणबाईंनीच सांगितलं. नाही कसं म्हणू? मुलाकडच्या आहेत. लग्नात एक रुमाल मागितला नाही त्यांनी, आणि आज तोंडाने मागितलं. मी नाही म्हटलं तर उद्या त्या घरात ईशाला खाली बघावं लागेल. चांगल्या आहेत हो. पण चांगल्या माणसाला नाही म्हटलेलं जास्त दिवस लक्षात राहतं.”

सुरेखाबाईंच्या मानेला कळ आली होती. मान हलवणं आता शक्य नव्हतं.

“मालवणच्या स्पर्धेतलं माझं नाव काढून टाका तेवढं. सर विचारतील, सांगा मुलीकडे अडकली. हो, माहितीये मला, दोन वर्षं तयारी केली. समुद्रच आहे, कुठे पळून जातोय? पुढच्या डिसेंबरला बघू. खांदा तोवर धड राहिला तर. नाही हो, रडत नाहीये. एसी डोळ्यांवर येतोय.”

फोन बंद झाला. नंतर सुरेखाबाईंच्या अंगावर एक शाल हलकेच पांघरली गेली, आणि ती त्यांच्या खांद्याशी नीट खोचली गेली.

त्यांना शरमेने घाम फुटला. एसी चालू, वर शाल, आणि डोळे उघडायची चोरी. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला मंदाताई. साठीला टेकलेली ही बाई समुद्रात पोहते, आणि चार महिने एका घरात राहून आपण तिला कधी विचारलं नाही की ठाण्याला पहाटे उठून कुठे जाता. साड्या परत पाठवल्या त्याचं आपण सात वर्षं कौतुक करून घेतलं. आणि आज एका दमात बाईचा अख्खा डिसेंबर मागून घेतला. मागितला तरी कसा, तर मुलीला आई हवी म्हणून. स्वतःच्या पोराला जे सांगायची छाती झाली नाही, ते दुसरीच्या गळ्यात घालून मोकळ्या होत होतो आपण. त्यातही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही, की हे कळूनही त्यांना घरी जायचंच होतं. पोटातली ती ओढ एवढीशीही कमी झाली नव्हती. चूप बसलं तर सगळं मिळणार होतं. कोणाला कधी कळलंही नसतं.

ऑकलंडचा मोठा पूल येईपर्यंत त्या डोळे मिटून तशाच पडून राहिल्या.

धक्क्याजवळ क्षितिज उभा होता. अजून उजेड होता. मागच्या दोन्ही कारसीट भरलेल्या. ईशाला झोपू द्यावं म्हणून तो दिवसभर पोरांना घेऊन फिरत होता आणि त्याचा पार चोथा झाला होता. तरी चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“कसलं भारी मंदाआई! ईशा तर नाचतेय. तिने मॅनेजरला मेल पण टाकला, फुल टाइम येते म्हणून. स्वीट ॲज, एकदम मस्त!” मग आईकडे वळून म्हणाला, “तू पण जाऊन ये मग. फ्लॅटच्या सह्या तिथेच करून टाकू, बरंच झालं.”

म्हणजे सुटका तीही नव्हतीच.

मंदाताईंनी मागचं दार उघडलं. “सुरेखाताई, आज तुम्ही पुढे. मी बसते मधे. आता सवय करायला हवी.” आणि त्यांनी एक पाय आत टाकलासुद्धा. मधूचा बूट त्यांच्या मांडीला लागला.

सुरेखाबाईंनी त्यांचा दंड धरला. चांगला कणखर दंड होता.

“मंदाताई, बाहेर या.”

“अहो, असू दे ना.”

“बाहेर या म्हणते. तुमचं तिकीट ज्या दिवसाचं आहे त्या दिवशी तुम्ही जायचं. मालवणला जायचं आणि पोहायचं.”

मंदाताईंचा चेहरा पांढरा पडला. “तुम्ही जाग्या होतात?”

“आयुष्यभर पोरांच्या सहली नेल्यात मी. झोपेचं सोंग कसं करायचं ते त्यांनीच शिकवलं.”

“पण मग तुमचं काय? मी ईशाला शब्द दिलाय. तुम्हाला दिलाय.”

“तो मी परत केला. मुलाकडची म्हणून मागायचा हक्क होता ना, मग मुलाकडची म्हणूनच सांगतेय. जायचं.”

मंदाताई तिथे रस्त्यात उभ्या राहिल्या. डोळे भरले होते; इथे एसीही नव्हता. “तुम्ही म्हणाल तसं,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

सुरेखाबाईंनी एक पाय आत घातला. कंबर वळवली. मधूच्या बुटाचा प्रसाद खाल्ला, टेकल्या, अंगाखाली हात घालून खटका शोधला आणि पट्टा लावला.

क्षितिजला काहीच कळलं नव्हतं. गाडी मोटरवेवर येईपर्यंत तो आरशातून एकदा आईकडे, एकदा बाजूला सासूकडे बघत होता. पुढे कुठेतरी अपघात झाला असावा. तिन्ही लेनमध्ये गाड्या तुंबल्या आणि लाल दिवे लागले.

“म्हणजे मंदाआई राहत नाहीयेत?” त्याने विचारलं.

“नाही,” सुरेखाबाई म्हणाल्या. “आणि मीही राहत नाहीये. मला चिंचवडला जायचंय, क्षितिज. जाऊन यायला नाही, राहायला. फ्लॅट विकायचा नाही. मी सही करणार नाही.”

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आवाज कापत होता, पण शब्द सगळे आले होते.

“आई, आपण घरी जाऊन शांतपणे बोलू.”

“घरी गेलं की तुझा फोन वाजतो आणि मी भाजी वाढायला उठते. इथेच बोल.”

“अगं पण मुलांचं काय करायचं आम्ही?”

“मुलं तुमची आहेत. मी त्यांची आजी आहे. आजी राहायला येते आणि परत जाते.”

“आजी, आर यू गोइंग?” मधूने विचारलं. हीच एक गाठ होती जी सुटणार नव्हती, आणि ती सुटावी असं त्यांना वाटतही नव्हतं. त्यांनी तिचं बुटातलं पाऊल हातात धरलं आणि हो म्हणाल्या. मधूने पाऊल काढून घेतलं नाही.

क्षितिज स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. पुढे मंदाताई अंग चोरून, खाली मान घालून बसल्या होत्या.

“आई,” तो अगदी हळू म्हणाला, “तिकडे आहे कोण तुझं?”

“मी आहे,” सुरेखाबाई म्हणाल्या.

त्याने डावीकडचा इंडिकेटर लावला. पण कडेला घ्यायला जागाच नव्हती आणि पुढचा एक्झिट यायला अजून बराच वेळ होता.